बैठकीतलं जुनं सागवान

११ मे
बैठकीची फरशी फोडली. नळवाला म्हणाला होता दोन फरश्या काढीन. आठ काढल्या, त्यातल्या सहा तोडल्या. खालचा पाइप गंजून चाळण झालेला. आता सोफा जेवणाच्या खोलीत, जेवणाचं टेबल व्हरांड्यात, आणि मी जिथे जागा मिळेल तिथे. बाहेर लूच्या झळा, आत सिमेंटची धूळ. ह्यांना विचारलं, नवीन टाइल्स कुठल्या घ्यायच्या? तर म्हणे, "बघू." ह्यांच्या "बघू"चा अर्थ लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी मला लागत नाही.

१३ मे
लागला अर्थ. लाकडी जमीन हवी आहे! ग्वाल्हेरात! मी म्हटलं, आपण काय शिमल्यात राहतो? धूळ आहे, वाळवी आहे, उन्हाळा असा की भांडी हाताला चटके देतात. शांतपणे ऐकून घेतलं सगळं. वनखात्यात रेंजर म्हणून जन्म काढला, मंत्र्यांचं ऐकलंय, माझं काय. मग म्हणाले, "सुधा, डावा डोळा आहे तोवर एक चांगली गोष्ट स्वतः बघून निवडू दे."

काचबिंदूनं उजवा डोळा गेल्यात जमा. डाव्यानं फक्त मधलं दिसतं, नळीतून बघावं तसं. डॉ. म्हणतात थेंबांनी टिकेल, किती दिवस ते सांगता येणार नाही. थेंब मीच घालते, दिवसातून तीनदा. आणि हे तीनदा म्हणतात, "अगं, गालात नको, डोळ्यात."

वर अट. ह्या जमिनीसाठी एकही झाड पडता कामा नये. "नोकरीत तोडायच्या झाडांवर नंबर घालून घालून खूप पाडली. घरासाठी नवीन नको." बरं. मग लाकूड काय ढगातून येणार?

१९ मे
सिटी सेंटरचं शोरूम. गार ए.सी., म्हणून मी खूश. टायवाली एक मुलगी, गोड होती बिचारी. "सर, ये बिल्कुल इको-फ्रेंडली है." डब्यावर हिरवं पान छापलेलं.
"किस जंगल का है?"
"सर, इम्पोर्टेड है."
"वो ठीक है बेटा, पर जंगल कौनसा?"
तिनं मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, युरोपचं. हे म्हणाले, "यूरोप तो काफी बड़ा जंगल है." मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले.

एका मालाचे कागद मात्र खरे निघाले. भिंग लावून उभ्या उभ्या पाव तास वाचले. झाड कुठलं, तोडलं कुणी, चिरलं कुठे, सगळं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "प्रामाणिक लोक आहेत. पण लाकूड वर पापुद्र्याएवढं, खाली सगळा गोंद. एकदा घासलं की संपलं. आणि जहाजातून एवढ्या लांबून कशाला?" म्हणजे नाही.

२४ मे
मृदुलाचा इंदूरहून फोन. लेकीला सगळं माझ्याकडून कळतं आणि मग ती मलाच शिकवते. "आई, तू पण ना! विनाइल घ्या. सेम लकडीसारखं दिसतं, कुणालाच पता नाही चलणार." ह्यांना सांगितलं. म्हणाले, "मला चालेल पता." मग थोड्या वेळानं, पेपर घडी करता करता, "पुढे तर जास्तच चालेल. पायांनाच बघायचंय." मी स्वयंपाकघरात निघून आले. असलं काही हे इतक्या सहज बोलतात की राग येतो.

बांबूच्या पट्ट्यांचा नमुनाही मागवला होता. बांबू ह्यांना पसंत, कापला की पुन्हा उगवतो. दोन दिवस माझ्या कपड्यांच्या बादलीत बुडवून ठेवला. तिसऱ्या दिवशी पदर सुटून वर आले. नाही. माझा पिवळा ब्लाउजही त्या पाण्यात डागला, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही.

२ जून
लाकडाची टाल, म्हणजे वखार. स्कूटी मी चालवते आता, हे मागे. शेठनं मोठ्या ऐटीत एक तुळई दाखवली. "पुराना सागौन है साब, सौ साल का." ह्यांनी हात फिरवला, वास घेतला, आणि मग जीभ लावली. भर बाजारात! मी दुसरीकडे बघत राहिले, जशी ओळखच नाही.

मग किल्लीनं खरवडलं. वरून जळकं तेल फासलेलं, आत पिवळं, कालचं पोर. "शेठजी, कील के छेद में काला कहाँ है?" मग मला समजावलं: जुना लोखंडी खिळा असला की भोवतीचं लाकूड वर्षानुवर्षं काळं पडत जातं. ही भोकं गेल्या आठवड्यातली. मग हळूच विचारलं, "टीपी होगी?" जंगलातून लाकूड हलवायचं तर हा परवाना लागतो. शेठला एकदम कुणाचा तरी फोन आला.

म्हणजे ताजं सागवान, चोरीचंही असेल, जुनं म्हणून विकतायत. मला वाटलं हे चिडतील. उलट स्कूटीवर मागे बसून गुणगुणत होते. इतके खूश रिटायरमेंटनंतर पहिल्यांदा दिसले. "एका डोळ्यानंसुद्धा पकडला की नाही?" पकडलात हो, पकडलात. आता घट्ट धरून बसा.

९ जून
मिळालं!
रशीद मिस्त्रीचा फोन आला. मृ.च्या लग्नात घरातलं सगळं लाकूडकाम त्यांनीच केलं होतं, तेव्हापासून घरचेच. माधवगंजात एक जुनी धर्मशाळा पाडतायत, छताच्या तुळया हलवायाच्या भट्टीत चालल्यात, साब को ले आओ. असे निघालो की गॅसवरचं दूध मी बंद केलं का हे तिथे पोचल्यावर आठवलं. (केलं होतं.)

विटांच्या ढिगात बारा तुळया. धूळ, कबुतरांची घाण, चुना. ह्यांनी एकीच्या कापलेल्या टोकावर भिंग धरलं आणि रेघा मोजत बसले. उन्हात. मी पदर धरला ह्यांच्या डोक्यावर. मध्येच मोजणी चुकली, पुन्हा पहिल्यापासून. मग म्हणाले, "हे झाड माझ्या पणजोबांच्या वेळचं असेल, सुधा. आणि हे भट्टीत घालणार होते." डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, पुसा, सकाळचे थेंब वाया जातायत. तेव्हा हसले.

१६ जून
आरा मशीनवर चिरून फळ्या घरी आल्या. एक खिळा आत राहिला होता, त्यानं करवतीचे दात गेले, मशीनवाला रशीदभाईंना काय काय बोलला. फळ्या बैठकीत रचल्या, प्रत्येक थराच्या मध्ये काड्या. आता अशाच राहणार. लाकडाला खोलीची हवा लागू द्यायची असते, खोलीची सवय झाली की मगच बसवायचं. मी म्हटलं, मला नव्हतं कुणी असं ठेवलं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला बसवलं. म्हणाले, "म्हणून तर अजून कुरकुरतेस."

२८ जून
पाऊस सुरू. सगळं घर सागवानाच्या वासाचं, कपाटातले कपडेसुद्धा. शेजारच्या काळे वहिनी आल्या होत्या, त्यांना रचलेल्या फळ्यांवरच बसवलं चहाला. "घर बदलताय का हो?" नाही हो, पाहुणे आहेत, नोव्हेंबरपर्यंत.

नोव्हेंबरच. हे येईल त्याला समजावतात: पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, आत्ता ठोकलं तर थंडीत आवळेल आणि फटी पडतील. रशीदभाईंचंही तेच मत. दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं आणि ते नेमकं माझ्या विरुद्ध. मी विचारलं, माझ्या महालक्ष्म्या कुठे बसवू? तर म्हणे, ढिगावर. सागवानाचं आसन, आणखी काय हवं?

१४ जुलै
डोळ्यांची तपासणी. ते मशीन, ज्यात ठिपका दिसला की बटण दाबायचं. बाहेर मला बटणाचा आवाज येत होता. मागच्या वेळेपेक्षा फार कमी वेळा आला. मी मोजत नव्हते, तरी कळत होतं.

डाव्याची नळी आणखी बारीक झालीय. डॉ.नी थेंब बदलले. ऑपरेशनचा विचार करू म्हणाले, चार महिन्यांनी पुन्हा बघून. त्यानंही गेलेलं परत येत नाही, आहे ते राहिलं तर राहिलं.
येताना बाड्याच्या चौकात थांबून बेडई खाल्ली, डाळ भरलेली पुरी आणि भाजी. भाजी तिखट होती एवढं एकदा म्हणाले.

१५ जुलै
सकाळी फोनवर ह्यांचा आवाज. "रशीदभाई, कल से लगाना शुरू कर दो." तिकडून काय आलं ते मला न ऐकताच कळलं. हे म्हणाले, "हाँ, मैंने ही कहा था. दरारें पड़ेंगी तो पड़ेंगी. कल आ जाओ."
मी गॅस बंद केला. लाकडाच्या बाबतीत ह्या माणसानं कधी घाई केलेली मी पाहिली नाही. सरकारी क्वार्टरमध्ये साधं कपाट करायचं तरी दोन पावसाळे लाकूड सुकवायचे. मला रडू आलं, चांगलं पाच मिनिटं. मग पुन्हा गॅस लावला, पोळ्या राहिल्या होत्या.

२३ जुलै
एका फळीला सुद्धा अजून खिळा लागलेला नाही. कुठल्या फळीशेजारी कुठली, हे साब ठरवतायत. स्टुलावर बसून, भिंग घेऊन. "ये वाली नहीं. वो, जिसमें लहर है." रशीदभाई फळी उचलतात, ठेवतात, उचलतात. मृ.साठी स्थळं बघितली तेव्हा एवढं बघितलं नव्हतं. एका फळीवर जुन्या कडीच्या पट्टीचा ठसा आहे, काळा, पानासारखा. ती खिडकीजवळ, ह्यांच्या खुर्चीसमोर. तिथे ऊन येतं.

रशीदभाई मला हळूच म्हणाले, "भाभीजी, मज़दूरी की फिक्र मत करना. साब को देखने दो जी भर के." चहात आलं जास्त घातलं त्यांच्या.

४ ऑगस्ट
झालं. अळशीचं तेल तीन वेळा पाजलं. पॉलिश नको म्हणाले, प्लास्टिकच्या पिशवीवरून चालल्यासारखं वाटतं.
आणि काय सांगू. अनवाणी चालले. गार नाही, गरम नाही, टाचा दुखत नाहीत. खिळ्यांची काळी भोकं मला आधी डागच वाटली होती, पण तीच छान दिसतात. हरले मी. इथे लिहून ठेवते, तोंडानं सांगणार नाही.
हे दुपारभर खुर्चीत बसून जमीन बघतात, लोक क्रिकेट बघतात तसे.

७ ऑगस्ट
ह्यांनी सांगितलं, मी लिहिलं, भिंतीवर चिकटवलं, हिंदीतून: "यहाँ पानी नहीं. सिर्फ निचोड़ा हुआ पोंछा." कामवाल्या शांतीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भाभीजी, वो फर्श किस काम का जो धुले ही नहीं?" मी तिला चांगलं लेक्चर दिलं. लाकूड पाणी पितं, फुगतं, वगैरे. ह्यांच्यासारखंच बोलायला लागलेय मी.

३१ ऑगस्ट
लिहू की नको.
महालक्ष्म्या आज यायच्या. पहाटे उठले, उंबरा धुतला, आणि मग हात थांबलेच नाहीत. बादली, खराटा, दारापासून पार सोफ्यापर्यंत. आईला असंच पाहिलं, सासूबाईंना असंच पाहिलं, महालक्ष्म्या यायच्या दिवशी पाणी ओतून खळखळ घर धुतल्याशिवाय धुतल्यासारखं वाटतच नाही. मनात त्यांच्या जेवणाची यादी चालू होती. दुसरी बादली रिकामी केली आणि भिंतीवरचा कागद दिसला. माझ्याच अक्षरातला.

हे आंघोळीला गेले होते. टॉवेल, दोन जुन्या साड्या, ह्यांचा पंचा, जे हाताला लागलं त्यानं टिपलं. टेबलफॅन लावला. उतार दाराकडे असल्यामुळे तिथे पाणी साचून राहिलं होतं, किती वेळ कोण जाणे. वरून पावलं काढली रांगोळीची. घाईत डावं पाऊल उजव्यापेक्षा मोठं झालं.
ह्यांना सांगितलं नाही.

१ सप्टेंबर
पूजन. मृ. आणि जावई आले होते. सोळा भाज्या झाल्या, पुरण मऊ झालं. बाबांची जमीन बघून मृ. म्हणाली, "ओके, मी विनाइलवाली बात वापस घेते." हे केवढे हसले. छान दिवस. दारापाशी मी कुणाला फार वेळ उभं राहू दिलं नाही.

४ सप्टेंबर
दारापाशी पाच फळ्यांच्या कडा वर आल्यात. बोटाच्या पेराइतक्या नाही, पण पायाला लागतात. वर जाड पायपुसणं टाकलं. ह्यांना दिसणार नाही हे मला माहीत होतं, म्हणूनच टाकलं. हे वाक्य लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

७ सप्टेंबर
"सुधा, हे पायपुसणं आत कशाला? बाहेर असायचं ना?"
मी काही म्हणायच्या आत उचललं. खाली बसले, तळहात फिरवला. एकेका फळीवरून, सावकाश.
"किती बादल्या?"
"दोन."
पायपुसणं झटकून बाहेर टाकलं. मग, "धुतलंस ते राहू दे. झाकलंस कशाला?"
जेवताना फक्त आमटी वाढ म्हणाले.

८ सप्टेंबर
सकाळचे थेंब घालताना म्हटलं, चुकले. पुन्हा नाही करणार. हे वर छताकडे तोंड करून बसलेले. म्हणाले, "अगं, फळ्या काय, दुसऱ्या बसवता येतात. मला दिसत नाही म्हणून तू लपवायला लागलीस, तर मी कुणाच्या भरवशावर राहू?" मी तिथेच मोठ्यानं रडले. त्यांनी माझा हात धरला, आणि थेंब त्यांच्या नाकावर पडला. "डोळा इकडे आहे," म्हणाले. मग दोघंही हसलो. दुपारी स्वतःहून चहा मागितला, म्हणजे निवळलं.

१३ सप्टेंबर
रशीदभाई बघून गेले. मला रागावले नाहीत, नुसते गालातल्या गालात हसले, ते जास्त लागलं. "सर्दी आने दो भाभीजी, सूखेगा तो खुद बैठ जाएगा. नहीं बैठा तो रंदा मार देंगे." बसू दे रे देवा. थंडी लवकर पडू दे.

६ ऑक्टोबर
भाजी घेऊन आले. घंटी वाजवणार तेवढ्यात खिडकीतून दिसले हे. बैठकीत चालत होते. अनवाणी. डोळे मिटून.
खुर्चीपासून निघाले, हात पुढे केले नव्हते, अगदी नेहमीसारखे. वर आलेल्या फळ्यांवर पाय पडला की थांबले, हात वर केला, तो बरोबर दाराच्या कडीवर. परत खुर्चीकडे. पुन्हा. मग कोपऱ्यातून, मग स्वयंपाकघराच्या बाजूनं. दर वेळेला पायाला फळी लागली की थांबायचे, आणि हात बरोबर कडीवर. एकदा तर कडी नुसती वाजवून बघितली, स्वतःशीच हसले.

मी पिशवी धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. कोथिंबीर मान टाकून बसली होती. खूप बरं वाटलं, आणि खूप वाईटही. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला लिहिता येत नाही. मग घंटी वाजवली. दार लगेच उघडलं.

२३ ऑक्टोबर
दिवाळी झाली. थंडीची सुरुवात. खिडकीजवळ पहिली फट पडली, ह्यांनी त्यात पोस्टकार्डाची कड घालून बघितली आणि "सांगितलं होतं की नाही?" म्हणत घरभर फिरले. स्वतःच्या जमिनीला फट पडली म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी पाहिला नाही.
रशीदभाईंचा फोन होता, रंदा घेऊन कधी येऊ? मी म्हटलं, अभी रुकिए.

९ नोव्हेंबर
आज विचारूनच टाकलं. लपवायचं नाही ठरलंय ना. म्हटलं, मी तुम्हाला डोळे मिटून चालताना पाहिलं, मागच्या महिन्यात.
"माहीत आहे," म्हणाले. "पायऱ्यांवर चपला वाजल्या, आणि घंटी वाजली दहा मिनिटांनी. तू काय तेव्हा भाजीवालीशी भांडत होतीस?"
मग मी म्हटलं, थंडीनं त्या फळ्या खाली बसतील. बसायला नकोत. रोज थोडं पाणी शिंपडू का तिथे?
"खबरदार. लाकूड कुजवशील. राहिल्या तर राहिल्या."
"आणि बसल्या तर?"
"तर मग काय, दुसरं काहीतरी शोधू. तू आहेस, भिंत आहे."

शुक्रवारी डॉ.कडे जायचंय, ऑपरेशनचं ठरेल. थंडी आता खरीच पडलीय, सकाळी शाल लागते. जेवण झाल्यावर दोघं दारापाशी गेलो आणि चप्पल काढून पायांनी बघितलं. पाचातल्या दोन पार बसल्या. दोन अजून चांगल्या वर आहेत. पाचवीबद्दल आमचं जमेना. मी म्हणते बसली. हे म्हणतात, नाही, अजून आहे.